कोरडेपणाचे प्राथमिक धडे

अभिनंदन! आपण राहत्या घरात लाकडी जमीन बसवून घेतली आहे, किंवा ती बसवलेलं घर विकत घेतलं आहे, किंवा घरातल्या दुसऱ्याच कुणीतरी हा निर्णय घेतला तेव्हा आपण ऑफिसात होतात. तिन्ही प्रकारच्या वाचकांचं स्वागत. ही मार्गदर्शिका मुंबई, ठाणे, वसई, पनवेल आणि एकूणच किनाऱ्यालगतच्या नवशिक्यांसाठी आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्यांची तक्रार उलटी असते. तिकडे मे महिन्यात पट्ट्यांच्या मधे फटी पडतात आणि श्रावणात आपोआप बुजतात. त्यांनी फटीत भुसा आणि फेविकॉल भरण्याचा मोह तेवढा आवरावा, कारण श्रावणात पट्टीला परत यायला जागा लागते. त्यांचा अभ्यासक्रम इथेच संपला.

उरलेल्यांनी सरसावून बसावं. जमिनीवर नको, खुर्चीवर. आणि खुर्ची सरकवताना उचलून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जमिनीला स्वतःला फारसं काही लागत नाही. तिच्यावर वावरणारे, तिला पुसणारे, तिचं कौतुक करायला येणारे आणि तिच्या वरच्या मजल्यावर राहणारे, एवढ्यांना मात्र सांभाळावं लागतं. म्हणून या मार्गदर्शिकेत लाकडाबद्दल थोडं आणि माणसांबद्दल जास्त सापडेल.

धडा पहिला: मुळात लाकूड आहे का?

पैसे लाकडाचे दिले म्हणजे लाकूडच आलं असं समजू नये. सकाळी बाल्कनीतून तिरपं ऊन आत येतं तेव्हा जमिनीवर पालथं पडा आणि गाठी बघा. झाडाला जिथे फांदी फुटते तिथे लाकडात गाठ असते, आणि कुठल्याही दोन झाडांना एकाच जागी, एकाच मापाची फांदी फुटत नाही. सोफ्याजवळच्या पट्टीत डोळ्याएवढी गाठ, तिच्या डाव्या अंगाला केसासारखी चीर, आणि तीच गाठ त्याच चिरेसकट टीव्हीखाली, मग पुन्हा पॅसेजमध्ये, असं दिसलं तर आपल्याकडे लॅमिनेट आहे. लॅमिनेट म्हणजे वर एक चिवट पारदर्शक थर, त्याखाली लाकडाचा छापील फोटो, आणि त्याखाली लाकडाचा लगदा दाबून केलेलं एचडीएफचं पान. सगळी मिळून जाडी ८ ते १२ मिलिमीटर. ही युक्ती स्वीडनमधली, १९७७ सालची. तिकडे हिवाळ्यात घरातली हवा कोरडी ठक्क असते, हे दुकानदार सांगत नाही.

गाठी वेगवेगळ्या निघाल्या तर दाराशी ठोकलेली ॲल्युमिनियमची पट्टी कारागिराकडून उचलून घ्या आणि कापलेली कड बघा. वर २ ते ४ मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली प्लायवूडचे थर दिसले तर ते इंजिनिअर्ड. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड, १८-२० मिलिमीटरचं, दिसलं तर ते अस्सल, आणि आपण एक तर श्रीमंत आहात किंवा आपले सासरे लाकडाच्या वखारीत आहेत.

हा तपास का करायचा? कारण अस्सल लाकूड पुढच्या काही दशकांत अनेकदा घासून, पॉलिश करून पुन्हा नवं करता येतं. इंजिनिअर्ड एकदा, फार तर दोनदा. लॅमिनेट एकदाही नाही, कारण फोटोला पॉलिश करता येत नाही. लग्नाच्या अल्बमवर रंधा मारला म्हणून कुणाचे चेहरे उजळत नाहीत.

पाहुण्यांनी "खरं लाकूड आहे का हो?" असं विचारलं तर तिन्ही बाबतींत उत्तर एकच द्यावं: "चहा घेणार ना?"

पूर्वजांचा सल्ला

दुकानदार आणखी एक गोष्ट सांगतो, की लाकडी जमीन ही आपलीच परंपरा, पुण्याचे वाडे बघा. वाडे जरूर बघावेत. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अजून उभा आहे आणि त्याचं सागवानी काम बघून मान दुखेपर्यंत वर बघावंसं वाटतं. वर, हेच लक्षात घ्यायचं. जुन्या घरांत मजल्याला कडीपाट असे: भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी कड्या, त्यांवर पाट, आणि पाटांवर दडपून बसवलेला मातीचा थर. चालायचं ते या मातीवर, आणि ती शेणाने सारवायची. लाकूड बघायचं ते खालच्या खोलीत पाठीवर पडून. म्हणजे आपल्या पणज्यांनी लाकूड डोक्यावर ठेवलं आणि पायाखाली अशी वस्तू घेतली जिच्यावर पाणी सांडलं तर ती नुसती वासाने कळवायची.

लाकूड आणि पाणी शेजारी आले की काय होतं याचा पुरावा मुंबईच्या जुन्या चाळींत आहे. तिथे दुरुस्तीला आलेला जाणता मिस्त्री आधी मोरीखालची तुळई ठोकून बघतो. बाकीच्या तुळया शंभरी गाठतात; मोरीखालची आधीच भुसभुशीत झालेली असते.

धडा दुसरा: बादली

मराठी घरात स्वच्छता पाण्याने होते. तांब्या विसळायचा, अंगण शिंपडायचं, ओटा धुवायचा, लादीवर बादली उपडी करून खराट्याने पाणी मोरीकडे लोटायचं. दिवाळीच्या आधी पंख्यालाही पाणी लावणारी घरं मला माहीत आहेत. अशा घरात लाकूड अंथरणं म्हणजे वैष्णवाच्या घरी मासळीचं दुकान काढणं नव्हे, पण कुजबुज साधारण तेवढीच होते. नवशिक्याने या धड्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पहिला प्रसंग घरकामाला येणाऱ्या मावशींशी. संवाद बहुधा असा होतो:

"मावशी, आजपासून इथे पाण्याने पुसायचं नाही."

"म्हणजे लादी बंद?"

"बंद नाही. पुसायचं, पण कोरडं."

"कोरडं म्हणजे झाडायचं. ते झालं मगाशी."

"तसं नाही. झाडून झालं की फडका ओला करायचा, पिळून पिळून कोरडा करायचा, आणि मग पुसायचं."

मावशी फडक्याकडे बघतात, मग आपल्याकडे. "मग ओला कशाला करायचा?"

हा प्रश्न अत्यंत रास्त आहे आणि त्याचं उत्तर पाठ करून ठेवा. किंचित दमट फडक्याला बारीक धूळ चिकटते. कोरड्या फडक्याने ती नुसती जागा बदलते. दमट किती, याची परीक्षा सोपी आहे. फडका एकदा फिरवा आणि मागे राहिलेल्या ओलसर चमकेकडे बघत उभे राहा. अर्ध्या मिनिटात ती उडाली तर ठीक. त्यानंतरही चमकत असेल तर पाणी जास्त आहे, आणि ते आता पट्ट्यांच्या सांध्यांत चाललं आहे. एचडीएफच्या कडेने एकदा पाणी प्यायलं की ती फुगते. उन्हाने, पंख्याने, नवसाने, कशानेही ती परत बसत नाही. फुगलेल्या कडा पायाला लागतात, त्यावर धूळ साचते, आणि ती धूळ काढायला कुणीतरी पाणी लावतं.

मावशींच्या बाजूनेही बघायला हवं. इतर घरांत बादली, फिनाईल आणि लांब दांड्याचा मॉप, की दहा मिनिटांत हॉल हातावेगळा. आपल्या घरात तोच हॉल फडका चार-चार वेळा पिळत, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसायचा. मनगटं भरून येतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्याने लाकडी जमीन घातली त्याने त्याच महिन्यात मावशींचा पगार वाढवावा. मायक्रोफायबरचा चपटा मॉप आणि फवाऱ्याची बाटली आणून दिली तर उत्तमच. पगार न वाढवता नुसता मॉप आणून देणाऱ्यांच्या जमिनी लवकर फुगतात असं माझं निरीक्षण आहे.

फवाऱ्यात काय घालायचं? लाकडी जमिनीसाठी मिळणारा, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा क्लीनर, आणि तोही बाटलीवर लिहिलाय तेवढाच. काय घालायचं नाही ही यादी मोठी आहे. फिनाईल नको. साबण नको, त्याचा थर राहतो आणि महिन्याभरात जमीन मेणचट दिसते. लिंबू नको, व्हिनेगर नको. आम्लाने पॉलिशची चमक मरते. बाथरूमचं ॲसिड तर त्या खोलीतून बाहेरच आणू नका. दृष्ट लागू नये म्हणून पाण्यात खडेमीठ घालून पुसण्याची पद्धत असेल तर ती तूर्त स्वयंपाकघरापुरती ठेवावी, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि न विरघळलेला खडा फडक्याखाली घासत जातो. वाफेचा मॉप जाहिरातीत फार छान दिसतो. वाफ म्हणजे फटीत शिरायला उतावीळ झालेलं पाणी, एवढं लक्षात ठेवा.

मावशी महिन्याभरात तयार होतात. अवघड विद्यार्थी घरातच असतात. मावशी गेल्या, आपण ऑफिसला गेलात, की आजी शांतपणे जुन्या धोतराचा फडका चांगला चिंब भिजवतात आणि देवघरासमोरची चार हात जागा मनासारखी पुसून घेतात. संध्याकाळी विचारलं तर म्हणतात, "छे गं, हात तरी लावला का मी?" त्या जागेवरचा पांढुरका धुरकटपणा बघून न बघितल्यासारखं करा. घर त्यांचं आधी आहे, जमीन नंतर.

धडा तिसरा: आषाढ

लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं, तरी हवेतली ओल पिणं आणि सोडणं त्याने थांबवलेलं नसतं. ओल प्यायलं की ते रुंदीत वाढतं. लांबीत जवळजवळ नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर ते शहाण्यासारखं वागतं. मुंबईत जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते, आणि उघडी खिडकी, दोरीवरचे न वाळलेले कपडे आणि उकळता भात यांचं योगदान वेगळं.

म्हणून जमीन भिंतीला भिडवत नाहीत. चारी बाजूंनी ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडतात आणि ती स्कर्टिंगच्या पट्टीने झाकतात. ही फट म्हणजे कारागिराचा आळस नाही. पण काही घरमालकांना ती आवडत नाही आणि ते मागे लागून तिच्यात सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट भरून घेतात, "फिनिशिंग यायला पाहिजे" म्हणून. मग पहिल्या पावसात वाढायला जागा न मिळालेल्या पट्ट्या हॉलच्या मध्यावर एकमेकींना रेटत वर उठतात. तंबूसारखा तो उंचवटा पायाने दाबला तर खाली जातो आणि पलीकडे वर येतो. असाच प्रकार तरंगत्या लॅमिनेटवर दोन बाजूंना दोन भरगच्च लोखंडी कपाटं ठेवली तरी होतो. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, ते सगळं मिळून एक पान असतं. दोन्ही टोकांना दाबून धरलं की मधे फुगणारच. कपाट एका भिंतीला न्या, लग्नातल्या साड्या वहिनींना द्या.

अस्सल लाकडाची तऱ्हा वेगळी. खालच्या सिमेंटातून ओल आली की पट्टीची खालची बाजू फुगते, कडा वर येतात आणि मध्य खोलगट राहतो. नवशिका इथे हमखास सुताराला बोलावतो आणि वर आलेल्या कडा घासून सपाट करून घेतो. डिसेंबरात लाकूड वाळतं, कडा जागेवर जातात, आणि आता प्रत्येक पट्टीचा मध्य उंच राहतो. पावसाळ्यात रंधा धरू नका. ओल कुठून येते ते शोधा, आणि थंडी पडेपर्यंत वाट बघा.

उपाय काय? एसी ड्राय मोडवर ठेवा. ओली छत्री दाराबाहेर, रेनकोट बाथरूममध्ये. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतेचा छोटा मीटर भिंतीला लावा. त्याने जमीन सुधारत नाही, पण दुपारी खिडकी कुणी उघडली हे कळतं. आणि पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घोंगावले, सकाळी खिडकीखाली नुसते पंख पडलेले दिसले, तर स्कर्टिंगच्या मागे बॅटरी मारून बघा. मातीची बारीक नळी वर चढताना दिसली की ती वाळवी. तिला अस्सल आणि फोटो यांतला फरक कळत नाही. एचडीएफही ती आवडीने खाते.

विशेष प्रकरण: गणपती

आपले सगळे ओले, तेलकट, रंगीत आणि वाळूमिश्रित विधी भाद्रपदात येतात, म्हणजे लाकूड आधीच टम्म फुगलेलं असताना. योजना महिनाभर आधी करावी.

मखराखाली जाड सतरंजी, सतरंजीवर पाट. कापूर आणि निरांजनाखाली मोठं ताट, कारण आरतीच्या भरात "घालीन लोटांगण"पर्यंत येताना एक तरी कापराची वडी खाली पडते. पंचामृताचे थेंब लगेच टिपावेत. मध सांध्यात गेला की मुंग्या येतात आणि त्या अनंत चतुर्दशीला जात नाहीत.

नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवण्याबद्दल घरातल्या पुरुषमंडळींशी आधी बोलून घ्यावं. थेंबभर पाण्याने मंडल पूर्ण होतं. अर्धी वाटी लागत नाही. काका ऐकणार नाहीत. त्यांच्या पानाखाली प्लॅस्टिकचा रुंद तक्ता सरकवा.

विळीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे रसायनशास्त्र आहे. उकडीच्या मोदकांना ढीगभर खोबरं खवायचं असतं, आणि ते ओट्यावर उभं राहून खवलेलं मावशीआत्यांना पसंत नसतं. विळी जमिनीवर येते. तिच्या लोखंडी पायांनी ओरखडे पडतात, ते एक वेळ परवडले. रात्री दमून सगळे झोपतात आणि विळी तिथेच, नारळाच्या पाण्यात, उभी राहते. सकाळी ती उचलली की खाली शाईसारखे काळे डाग. ओक आणि तत्सम लाकडात टॅनिन असतं. त्याला ओल्या लोखंडाची संगत मिळाली की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत असत. पुसून हा डाग जात नाही, कारण तो लाकडावर नसतो, लाकडात असतो. विळीखाली पाट ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती उचलली का ते स्वतः बघा.

गौरी येताना दारापासून पावलं काढायची असतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती पायाखाली रगडली की पॉलिश पेपरचं काम करते. आणि कुंकू ओल्या पायाला लागून सांध्यात गेलं तर पुढच्या गौरींनाही वाट शोधावी लागत नाही. स्टिकरची पावलं बाजारात मिळतात. ती निघतात, डिंक राहतो. लांबलचक कापडाच्या पट्टीवर पावलं रंगवून ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. गौरींची हरकत नसते. हरकत असते ती मोठ्या वन्संची.

शेवटचा धोका विसर्जनानंतर. रिकामा पाट घरी आणताना त्यावर समुद्राची मूठभर वाळू आणायची आणि घरभर थोडी थोडी टाकायची रीत बऱ्याच घरांत आहे. वाळू म्हणजे क्वार्ट्झ. काचेला ओरखडा काढते तिथे पॉलिशचं काय घेऊन बसलात! पण बाप्पा गेल्यावर रिकाम्या मखरासमोर उभं राहून वाळूवरून वाद घालणं कुठल्याही जमिनीपेक्षा महाग पडतं. टाकू द्या. सगळे झोपल्यावर मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या.

राहिलेल्या शंका

ओरखडे पडले तर? अस्सल लाकडावर बारीक ओरखडा असेल तर अक्रोडाचा गर घासा, त्याच्या तेलाने रेघ फिकी पडते. उरलेला अक्रोड खा. लॅमिनेटवर रंग जुळणारी मेणकांडी. टेबलखुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावा, आणि त्या झिजल्या की बदला. झिजलेल्या टिकलीत अडकलेला खडा उघड्या पायापेक्षा वाईट.

गालिचा घालू का? घाला, पण रबरी पाठीचा नको, त्याने डाग पडतो. अधूनमधून जागा बदला, नाहीतर उन्हाने बाकीच्या जमिनीचा रंग बदलतो आणि गालिच्याखालची मूळ रंगाची राहते.

उंच टाचांच्या चपला? चपला दाराबाहेर. एवढा एक नियम आपल्याकडे आधीपासून आहे, त्याचा फायदा घ्या.

वरच्या मजल्याबद्दल

एवढं सगळं पाळलंत तरी एका रविवारी छताला नकाशा उमटतो. वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. ते म्हणतात पाइप सोसायटीचा, सेक्रेटरी म्हणतात बाथरूम त्यांचं, आणि सभेत मागच्या रांगेतून एक आवाज येतो: "लाकूड लावायला यांना सांगितलं होतं कुणी?" ठराव होईपर्यंत थांबू नका. ओल्या भागातलं स्कर्टिंग काढा, पट्ट्या सुट्या करा, उभ्या करून पंख्याखाली वाळवा. काही वाचतील. फुगलेल्या वाचणार नाहीत, आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या छटेचं डिझाइन बंद झालेलं असेल.

मग सगळंच काढायचं ठरतं. कारागीर लॅमिनेट उचकटत नेतात, त्याखालची फोमची पातळ चादर ओढतात, आणि खाली जुनी मोझॅकची लादी निघते. बिल्डरने बसवलेली, करडी, तांबड्या-काळ्या ठिपक्यांची. फोडायचा खर्च नको म्हणून तिच्यावरच लॅमिनेट पसरलं होतं. एका कोपऱ्यात आधीच्या कपाटाचे चार गंजके डाग सोडले तर तिला काहीही झालेलं नसतं. मावशींना बोलवायची गरज पडत नाही. त्या बादली भरूनच आलेल्या असतात.